केळीच्या बागेतला हिरवा उजेड
भर दुपारीही केळीच्या बागेत मऊ सावली मिळते, म्हणून वेफर्सचं शूट तिथेच करा, असं एकाने सुचवलंय, ते मला निम्मंच पटतं. सावली मऊ असते खरी, पण पानांतून झिरपलेला उजेड हिरवा असतो. रावेरकडच्या बागेत स्टीलच्या ताटातले पिवळेधमक वेफर्स पार शेवाळल्यासारखे दिसतात. व्हाइट बॅलन्सने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या रंग जुळवायच्या सेटिंगने, हे सुटत नाही, कारण फटींतून येणारं ऊन पांढरंच असतं. हिरवा काढला की तेच ऊन जांभळट मारतं. त्यापेक्षा ताट बांधावर मांडा, वर पांढरी चादर ताणा आणि बाग मागे राहू द्या.

आणि हो, मॉडेलला पानं-घड तोडू देऊ नका. केळीचा चीक कपड्याला लागला की काळपट डाग पडतो, तो धुऊनही जात नाही. साडी भाड्याची असेल तर भरपाई तुमच्याच गळ्यात.