कॉम्प्युटर इंजिनीअरिंग: कॅपचं कॉलेज, खासगी विद्यापीठ की बीएस्सी? सल्ला हवा

माणदेशी
नमस्कार मंडळी. भाचीला सीईटीत पीसीएम ग्रुपला 91 पर्सेंटाइल आहेत. ओबीसी, जात वैधता आणि नॉन-क्रीमी लेयर दोन्ही हातात. घरचं वार्षिक उत्पन्न साडेसहा लाख, बारावी सांगोल्यातून. कॉम्प्युटरच करायचं यावर ती ठाम आहे. समोर चार वाटा दिसतात: पुण्यात कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) मिळेल ते खासगी कॉलेज, तिथलीच संस्था पातळीवरची (कॉलेज स्वतः भरतं ती) जागा, वर्षाला साडेतीन लाख फी असलेलं एक खासगी विद्यापीठ (इमारत झकास आहे), नाहीतर बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स. कर्ज काढायची तयारी आहे. पैसे कुठे घालणं शहाणपणाचं?

सातबारा
आधी पैशाचं बघू, तुमचा निम्मा निर्णय तिथेच होतो.

2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अट एकच पण मोठी: प्रवेश कॅपमधून झालेला हवा. संस्था पातळीवरच्या जागेला माफी नाही. खासगी आणि अभिमत विद्यापीठं या योजनेतून वगळलेली आहेत.

फी नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रत्येक कॉलेजची मंजूर फी असते. त्यात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगळं दाखवलेलं असतं. माफी फक्त पहिल्यावर आहे, विकास शुल्क खिशातून भरायचं. समजा एकूण फी 1,40,000 आणि त्यात विकास शुल्क 16,000. मग चार वर्षांचे 64,000 झाले. विद्यापीठाचे साडेतीन लाखांनी चौदा लाख, तेही फी वाढली नाही असं धरून. पुण्यात राहणं-खाणं वर्षाला लाख-सव्वा लाख धरा, ते दोन्हीकडे सारखंच.

मुलगा असता तर गणित वेगळं होतं. ओबीसी किंवा ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास) मुलाला शिक्षण शुल्काची निम्मीच सवलत, म्हणून त्याने टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफ असलेल्या थोड्या जागा नक्की बघाव्यात. तुमच्या भाचीला त्याची गरज नाही. उगाच त्या चढ्या कटऑफच्या मागे लागू नका.

दुसरं, बारावी सांगोल्याची म्हणजे तिचं गृह विद्यापीठ सोलापूर. पुण्यातल्या बहुतेक खासगी कॉलेजांत तिला बाहेरच्या विद्यापीठाच्या 30 टक्के जागांतून यावं लागेल. गेल्या वर्षीच्या कटऑफच्या पीडीएफमध्ये पुण्यासाठी एलओबीसीओ (ओबीसी मुली, बाहेरचं विद्यापीठ) हा रकाना बघा, सोलापूर-पंढरपूरसाठी एलओबीसीएच (ओबीसी मुली, गृह विद्यापीठ). बरेच पालक जीओपीईएनएचचा (खुला गट, गृह विद्यापीठ) आकडा बघून एकतर हुरळतात नाहीतर खचतात.

अर्धविराम
सातबारांना अनुमोदन. दर्जाबद्दल लिहितो.

इमारत आणि 'सर्वाधिक पॅकेज'चा फलक, दोन्हींकडे काणाडोळा करा. कॉलेजच्या संकेतस्थळावर एनआयआरएफला (केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीला) पाठवलेल्या माहितीची पीडीएफ असते. चार वर्षांच्या पदवीचा तक्ता काढा: किती जण वेळेत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मध्यक (ओळीत लावल्यावर बरोबर मधला) पगार किती. आकडे सगळ्या शाखांचे एकत्र असतात, तरी जाहिरातीपेक्षा शंभर पट बरे. प्रवेश घेतलेले आणि वेळेत उत्तीर्ण झालेले यांच्यात मोठी दरी असेल तर तिथेच थांबा.

मग शिक्षक मोजा. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) 2024-25 पासून बऱ्या कामगिरीच्या कॉलेजांना एका शाखेच्या जागांवरची वरची मर्यादा काढून टाकली. कॉम्प्युटरच्या तुकड्या भराभर वाढल्या, शिकवणारे त्या वेगाने कुठून आणणार? वर्षाला 180 जागा असतील तर दुसरं ते चौथं वर्ष मिळून 540 मुलं, वीस मुलांमागे एक या हिशेबाने विभागात 27 शिक्षक हवेत. विभागाच्या पानावरची नावं मोजा, रुजू झाल्याची तारीख बघा. तीच नावं कॉम्प्युटर आणि एआय-डीएस (आर्टिफिशियल इंटेलिजन्स व डेटा सायन्स) अशा दोन्ही पानांवर दिसली तर समजून जा.

एनबीए हे दर्जाचं राष्ट्रीय मानांकन शाखेला मिळतं, कॉलेजला नाही. ते मिळायला शाखेच्या किमान दोन तुकड्या बाहेर पडलेल्या लागतात. त्यामुळे नव्या शाखेच्या पत्रकावर एनबीएचा शिक्का दिसला तर तो बहुधा शेजारच्या मेकॅनिकलचा असतो. विचारा.

आणि एकदा कामाच्या दिवशी जाऊन प्रयोगशाळा बघा. तिसऱ्या वर्षाच्या कुणाकडे तरी डेटा स्ट्रक्चरची प्रॅक्टिकल फाईल मागा. आउटपुटचा स्क्रीनशॉट नीट वाचा. कमांड प्रॉम्प्टवर भलत्याच मुलाचं नाव असेल, आणि पुढच्या चार फाइलींतही तेच नाव असेल, तर त्या विभागात प्रॅक्टिकल कसं होतं हे कळलं. ऑपरेटिंग सिस्टीमचं प्रॅक्टिकल लिनक्सवर होतं का, वीसच्या बॅचला वीस चालू मशीन आहेत का, एका सत्रात एका विषयाचे शिक्षक किती वेळा बदलले, एवढे तीन प्रश्न मुलांना विचारा. एचओडींना नको.

माणदेशी
दोघांचे आभार. दोन शंका. कॉम्प्युटर नाही, पण एआय-डीएस मिळेल असं दिसतंय. चालेल का? आणि विद्यापीठवाले जागा धरून ठेवायला आत्ताच पैसे भरा म्हणतात.

अर्धविराम
नावापेक्षा अभ्यासक्रम बघा. ऑपरेटिंग सिस्टीम, डीबीएमएस (डेटाबेस), नेटवर्क्स, अल्गोरिदम हे चारही सक्तीचे असतील तर बिनधास्त घ्या. काही ठिकाणी एआय-डीएसमध्ये थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन आणि कंपायलर ऐच्छिक असतात किंवा नसतातच. नोकरीला त्याने फारसं अडत नाही. गेटच्या (एमटेकची प्रवेश परीक्षा) सीएस पेपरला मात्र दोन्ही लागतात. 2024 पासून गेटला डेटा सायन्स आणि एआयचा स्वतंत्र डीए पेपर आहे, तोही पर्याय आहे.

चांगल्या विभागातलं आयटी आणि भुक्कड विभागातलं कॉम्प्युटर यांत मी डोळे झाकून आयटी घेईन.

सातबारा
पैसे भरायची घाई करू नका. भरलेच तर पावती शिक्षण शुल्काची घ्या, 'नोंदणी' किंवा 'समुपदेशन' शुल्काची नको. परतावा मागताना नेमकं तिथेच अडवतात. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) दरवर्षी पूर्ण परताव्याची शेवटची तारीख जाहीर करते, 2024-25 साठी ती 30 सप्टेंबर होती. मूळ कागदपत्रं मात्र कुणाकडेही ठेवायची नाहीत, नुसती दाखवायची.

कॅपचा फॉर्म भरताना क्रम मनापासून लावा. 2025 च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो आपोआप पक्का होत होता, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलाही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. 'असू दे एक' म्हणून वर टाकलेलं कॉलेज गळ्यात पडतं. यंदाची पुस्तिका वाचूनच भरा.

कढीलिंब
बीएस्सीला कुणी विचारतच नाहीये, म्हणून लिहिते. चांगल्या जुन्या सायन्स कॉलेजचं बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स आणि नंतर दोन वर्षांचं एमसीए ही रडतखडत मिळालेल्या बीईपेक्षा पुष्कळदा बरी वाट असते. बारावीला गणित लागतं, ते तिच्याकडे आहेच. एमसीए राज्याच्या सीईटीने होतं किंवा निमसेट देऊन एनआयटीत. तोटाही सांगते: काही कंपन्या कॅम्पसला बीएस्सीची मुलं वेगळ्या, कमी पगाराच्या पदावर घेतात, आणि मुलींची ती शंभर टक्के माफी व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. साध्या बीएस्सीला ती धरून चालू नका.

आयआयटी मद्रासचं ऑनलाइन बीएस डेटा सायन्सही आहे, 2020 पासून. चार आठवड्यांचा अभ्यास, मग पात्रता परीक्षा. परीक्षा केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात, त्यामुळे कॉपीला वाव कमी आणि गळती भरपूर. बीएस्सीच्या जोडीला करणारी मुलं आहेत, बीईच्या जोडीला दमछाक होते.

सातबारा
कर्जाचा हिशेब राहिला. समजा कर्ज सात लाख, दरवर्षी पावणेदोन लाखांप्रमाणे उचलले, व्याज 10 टक्के. चार वर्षं शिक्षण आणि वर एक वर्ष हप्ता नाही, पण सरळ व्याज चढतंच: 2,45,000. म्हणजे हप्ता सुरू होताना 9,45,000 उभे. सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे 15,700. चौदा लाखांना याच्या दुप्पट. शिकत असताना दर महिन्याचं व्याज भरलं तर सात लाखांचा हप्ता 11,600 च्या आसपास राहतो. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची करसवलत फक्त जुन्या कररचनेत.

माझं मत: पंढरपूर-सोलापूरची दोन-तीन कॉलेजं अर्धविरामांच्या पद्धतीने तपासा. विभाग बरा निघाला तर पुण्यातल्या मधल्या कॉलेजांच्या वर टाका. वसतिगृहाचे चार-पाच लाख वाचतील.

आणि नॉन-क्रीमी लेयरवरची तारीख आजच बघा. प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाअखेरपर्यंत, म्हणजे पुढच्या 31 मार्चपर्यंत ते वैध लागतं. मागच्या वर्षीचं असेल तर सेतूत आत्ताच अर्ज टाका, निकालानंतर तिथे रांग असते. फी माफीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज दरवर्षी नव्याने भरायचा, आणि बँक खातं आधारशी जोडलेलं हवं.