अमेरिकेतल्या ‘हाय-स्पीड रेल’ला मराठीत काय म्हणावं?

चौकट: अमेरिकी राज्यांतल्या वेगवान रेल्वेवर मराठीत लेख लिहायचा आहे. कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडा सगळीकडे सरसकट ‘बुलेट ट्रेन’ लिहिलं तर चालेल?

सांधेवाला: कॅलिफोर्नियाला आणि टेक्सासला चालेल, फ्लोरिडाला नाही. ‘बुलेट ट्रेन’ म्हटलं की आपल्या वाचकापुढे मुंबई–अहमदाबाद उभी राहते: स्वतंत्र रूळ, वर विजेची तार, वाटेत एकही फाटक नाही, ताशी ३२० किमी. कॅलिफोर्नियाचा आराखडा त्याच जातीचा आहे, वेग ताशी ३५० किमीपर्यंत. फ्लोरिडातली मायामी–ओरलँडो ब्राइटलाइन मात्र डिझेलवर धावते. तिचा ताशी २०० किमीचा कमाल वेग फक्त कोको ते ओरलँडो या नव्या टप्प्यात मिळतो. त्याच्या दक्षिणेला मालगाड्यांचा जुना मार्ग आहे, फाटकांसकट.

घोळ मुळात तिथल्या कायद्यातच आहे. एका कलमात ताशी ११० मैल (१७७ किमी) गाठू शकणारी सेवा ‘हाय-स्पीड’ ठरते, दुसऱ्यात १२५ मैलांच्या वर. आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटना नव्या मार्गाला ताशी २५० किमीची अट लावते. पहिलं कलम लावलं तर १८० किमीसाठी बांधलेली आपली वंदे भारतही त्यात बसेल, अर्थात तेवढा वेग झेलणारे रूळ मिळाले तर!

गिरणगाव: मग ‘द्रुतगती रेल्वे’ का नको? द्रुतगती महामार्ग रुळलाच आहे की.

सांधेवाला: सगळ्यांना मिळून एक शब्द म्हणून उत्तम. ‘बुलेट ट्रेन’ त्यातल्या स्वतंत्र मार्गावाल्यांसाठी राखून ठेवा. सीमारेषा हवी असेल तर फाटकाकडे बघा. तिथल्या नियमांत ११० मैलांपर्यंत फाटक चालतं, ११० ते १२५ मध्ये मंजूर अडथळा-यंत्रणा लागते, त्यापुढे फाटकच नाही. म्हणजे प्रत्येक रस्त्याला उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग द्यायचा, नाहीतर तो रस्ता बंद करायचा. खर्च उडी मारतो तो इथेच.

तारयंत्र: ‘कमाल वेग’ आणि ‘सरासरी वेग’ हेही वेगळे ठेवा, बातम्यांत सर्रास मिसळतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या नव्या ‘असेला’ या वॉशिंग्टन–बोस्टन वेगवान गाडीचा कमाल वेग ताशी १६० मैल, म्हणजे २५७ किमी आहे. पण वॉशिंग्टन–बोस्टन ७३५ किमीला साडेसहा तासांच्या वर लागतात. न्यूयॉर्कच्या दक्षिणेला बऱ्याच भागात १९३० च्या दशकातली तार आहे. तिचा ताण हवामानाप्रमाणे बदलतो, उन्हात ती सैलावते, आणि गाडीला वेग आवरावा लागतो. बाल्टिमोरचा बोगदा १८७३ चा, त्यात वेग ताशी पन्नास किमीच्या आतच. नवी गाडी आणून ही दुखणी जात नाहीत.

चौकट: ब्राइटलाइन वेस्ट महामार्गाच्या ‘मीडियन’मधून जाणार आहे. ‘दुभाजक’ बरोबर ना?

सांधेवाला: कोशात बरोबर, वाचकाच्या डोळ्यांपुढे चूक. दुभाजक म्हटलं की कण्हेरीची झाडं लावलेली पट्टी आठवते. लास व्हेगास ते रँचो कुकामोंगा या ३५१ किमीच्या मार्गाचा बहुतेक भाग आंतरराज्य महामार्ग १५ च्या दोन बाजूंमधल्या मोकळ्या जागेतून जातो, तेव्हा ‘महामार्गाची मधली मोकळी जागा’ असंच लिहा. फायदाही त्यातच सांगता येतो: ती जागा सरकारी, म्हणून शेकडो जमीनमालकांशी भांडण नाही. तोटा असा की महामार्गाचे चढ आणि वळणं गाडीच्या वाट्याला येतात. ताशी ३५० किमीच्या मार्गाला सहा-सात किलोमीटर त्रिज्येची वळणं लागतात. मोटारींसाठी आखलेल्या रस्त्यावर, त्यातही घाटात, ती कुठून मिळणार?

कूळकायदा: ‘भूसंपादनाचा अधिकार’ आणि ‘भूसंपादन’ यांतही गल्लत होते. डॅलस–ह्यूस्टन मार्गासाठी खासगी कंपनीला सक्तीनं जमीन घेण्याचा अधिकार आहे, असं टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानं जून २०२२ मध्ये ठरवलं. निकाल लागला, मार्ग झाला नाही, कारण पैसाच उभा राहिला नाही. कॅलिफोर्नियात उलट. अधिकार होता, पण २०१३ मध्ये पहिलं बांधकाम कंत्राट दिलं तेव्हा बरीच जमीन ताब्यात नव्हती. गॅसवाहिन्या, विजेच्या तारा, सिंचनाचे पाट हलवणंही बाकी. ठेकेदार थांबला की त्याची भरपाई सरकारच्या माथी. पालघरकरांना हा क्रम समजवावा लागणार नाही.

गिरणगाव: आणि ‘ग्राउंडब्रेकिंग’?

कूळकायदा: ‘भूमिपूजन’ खुशाल लिहा, नारळ नसला तरी अर्थ तोच. फक्त त्याला ‘काम सुरू’ म्हणू नका. कॅलिफोर्नियाच्या मार्गाचं फ्रेस्नोतलं भूमिपूजन जानेवारी २०१५ चं, आणि रूळ-साहित्य उतरवायच्या तळाचं काम सुरू व्हायला २०२५ उजाडलं.