मदत हवी आहे: यवतेश्वर-कास चढायला कोणत्या गियरची सायकल घ्यावी?

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्यात राहतो. वय 46, वजन 78 किलो, उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. शाळेनंतर सायकल सुटली ती सुटलीच. आता पुन्हा सुरू करायची आहे. समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढायचा, जमेल तेव्हा कासपर्यंत जायचं. पुढे कधीतरी वाईहून पसरणी घाटाने पाचगणी. शर्यत-बिर्यत नाही, पण मध्येच उतरून सायकल ढकलायची नाही एवढा हट्ट आहे.

बजेट 30 हजारांच्या आसपास. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर चर्चा तिकडेच जाईल. दोन सायकली बघून ठेवल्यात:

क) हायब्रिड (रोड बाइक आणि एमटीबी यांच्या मधली), 21 गियर. पुढच्या तीन चकत्यांना 48/38/28 दात, मागे 14-28 चं फ्रीव्हील (मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच, सगळ्यात लहानीला 14 दात, मोठीला 28), डिस्क ब्रेक.
ख) रोड बाइक, 16 गियर. पुढे 50/34, मागे 11-28 ची कॅसेट (हाही मागच्या चकत्यांचाच संच). वजनाला बरीच हलकी.

दुकानदार म्हणतो, "21 गियर आहेत, कुठलाही डोंगर चढेल." मित्र म्हणतो, हलकी घे, घाटात वजनच मारतं. कुणाचं ऐकू? एमटीबी (जाड टायरची माउंटन बाइक) घ्यावी का, हाही प्रश्न आहेच.

प्रतिसाद 1

दोघांचंही ऐकू नका. गियर किती यापेक्षा सगळ्यात हलका गियर कोणता ते बघा. पुढच्या सगळ्यात लहान चकतीचे दात भागिले मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दात; उत्तर जितकं लहान, तितका चढ सोपा. क मध्ये 28/28, म्हणजे 1. ख मध्ये 34/28, म्हणजे 1.21. आणि 21 गियरांतले कितीतरी एकमेकांसारखेच असतात. 48/24 काय आणि 28/14 काय, दोन्ही 2 च.

आता हे घाटात लावून बघू. चाकाचा एक फेरा साधारण 2.1 मीटर. मिनिटाला 60 वेळा पायडल फिरवलं तर ख वर ताशी 9.2 किमीचा वेग ठेवावाच लागेल, क वर 7.6. तुम्ही, सायकल आणि पाणी मिळून 94 किलो आणि चढ 6 टक्के धरला तर ख ला सुमारे 155 वॅट लागतात, क ला 130 च्या आत. नव्याने सुरू करणाऱ्याला 155 वॅट तासभर झेपत नाहीत. मग पायडल 40-45 वर येतं, प्रत्येक फेऱ्याला जास्त जोर लावावा लागतो आणि तो सगळा गुडघ्यावर जातो. सायकल चार किलोने हलकी असली तर 94 चे 90 होतील, म्हणजे चार-पाच टक्क्यांचा फरक. गियरने त्याच्या चौपट फरक पडतो.

माझं मत: क घ्या आणि मागचं फ्रीव्हील 14-34 चं बसवा. 28/34 म्हणजे 0.82. त्याच 60 च्या लयीत ताशी 6.2 किमी आणि सुमारे 105 वॅट. सगळ्या खटाटोपात स्वस्त काम हेच आहे. फक्त मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) 34 दात घेतो का ते आधी विचारा.

प्रतिसाद 2

आम्ही पोरं 34/28 वरच यवतेश्वर मारतो, उभं राहून. सवय होते हो.

प्रतिसाद 1

होते, विशीत. धागाकर्त्याने गुडघ्याचं आधीच लिहिलंय.

प्रतिसाद 3

एमटीबीचा गियर चढाला उत्तम. 24/34 मिळालं तर भिंतसुद्धा चढाल. पण स्वस्त एमटीबीचा पुढचा सस्पेन्शन फोर्क (धक्के झेलणारा दांडा) म्हणजे नुसतं लोखंड, आणि डांबरी रस्त्यावर जाड टायर ओढत बसावे लागतात. कासचा रस्ता डांबरी आहे, त्यामुळे हायब्रिडच बरी.

उताराचाही विचार करा. पावसाळ्यात तिकडे धुकं आणि ओला रस्ता, तिथे डिस्कचा फरक जाणवतो. आणि फुलांच्या सिझनमध्ये शनिवार-रविवारी तिकडे फिरकू नका. चढापेक्षा गाड्यांचा धूरच जास्त दमवेल.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. दुकानात जाऊन मागचे दात स्वतः मोजले, 28 च आहेत. डिरेलर 34 पर्यंत घेतो म्हणाले, पण "आधी चालवून बघा, नंतर बदलू" असा सूर आहे. नंतर बदललं तर चालेल का?

प्रतिसाद 1

बिल करायच्या आधीच बदलून घ्या. मोठ्या चकतीला चेन लांब लागते, आत्ताची बहुधा कमी पडेल. नवं फ्रीव्हील, नवी चेन आणि गियर सेटिंग एकदमच करून मागा, आणि काढलेल्या फ्रीव्हीलचे पैसे वळते करून घ्या. दुकानातून निघण्यापूर्वी पुढे 48 आणि मागे 34 टाकून चेन ताणून तुटायला येत नाही ना, ते स्टँडवर फिरवून दाखवायला सांगा. हा गियर रस्त्यावर वापरायचा नाही, पण चुकून पडतोच.