‘डीव्हीडीवर टाकणे’ आणि ‘डीव्हीडी करणे’ : फरक मराठीत कसा सांगायचा?

कोरी वही

आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेचं चित्रण मोबाइलवर होतं आणि फाइली संगणकात पडून राहतात. ज्यांना ती व्याख्यानं खरोखर ऐकायची आहेत ती मंडळी सत्तरीच्या पुढची. त्यांच्याकडे पेनड्राइव्ह लावायचा टीव्ही नाही, पण डीव्हीडी प्लेयर आहे, त्यावर विणलेलं कव्हर आहे आणि तो ठणठणीत चालतोय. म्हणून डीव्हीड्या करून द्यायचं ठरलं. एकट्याला हे पुरं पडेना, तेव्हा कुणालाही जमेल असं दोन पानी टिपण मराठीत लिहायला बसलो.

पहिलं वाक्य लिहिलं : ‘व्हिडिओ फाइल डीव्हीडीवर टाकावी.’ आमच्या एका कार्यकर्त्यानं अक्षरशः तेच केलं. एमपी-फोर फाइल उचलली, कोऱ्या डीव्हीडीवर टाकली, दहा मिनिटांत मोकळा. संगणकावर छान दिसली. ज्यांच्यासाठी केली त्या आजोबांच्या प्लेयरनं मात्र ती फिरवून फिरवून परत बाहेर काढली. चूक कार्यकर्त्याची नव्हती, माझ्या वाक्याची होती.

तर प्रश्न असा. नुसती फाइल ठेवणं आणि घरच्या प्लेयरवर दिसेल, रिमोटनं निवडता येईल अशी डीव्हीडी तयार करणं, या दोन गोष्टींना दोन वेगळे मराठी शब्द आहेत का? आणि बर्न (कोऱ्या डीव्हीडीवर लिहिणं), ऑथरिंग (व्हिडिओ, मेन्यू जुळवून डीव्हीडी तयार करणं), मेन्यू, चॅप्टर या मंडळींचं काय करायचं? ‘ध्वनिचित्रसंचिका’ वगैरे सुचवू नये. माझे वाचक पळून जातील.

फोटोवाला, सातारा

लग्नाची शूटिंग करत आयुष्य गेलं, म्हणून अधिकारानं सांगतो. वेगळा शब्द शोधू नका, फरक त्या ‘वर’मध्ये आहे. गिऱ्हाईक ‘हे डीव्हीडीवर टाकून द्या’ म्हणालं की फाइल जशीच्या तशी ठेवायची. ‘याची डीव्हीडी करून द्या’ म्हणालं की टीव्हीवर बघायची. पहिल्यात डीव्हीडी म्हणजे डबा, दुसऱ्यात डीव्हीडी म्हणजे पदार्थ. तरी मी उलटा प्रश्न विचारतोच, ‘कॉम्प्युटरवर बघणार का टीव्हीवर?’ कारण काही जण दोन्हीला ‘सीडी मारून द्या’ म्हणतात, आणि आमच्या भागात लग्नाच्या डीव्हीडीला अजूनही ‘लग्नाची कॅसेट’च म्हणणारी घरं आहेत.

‘करणे’ यात काय काय येतं ते टिपणात लिहा, म्हणजे ‘टाकणे’शी घोळ होणार नाही. साधा प्लेयर एमपी-फोर ओळखत नाही, त्याला एमपीईजी-२ या प्रकारातला व्हिडिओ लागतो. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, सेकंदाला २५ चौकटी. आवाज ४८ किलोहर्ट्झचा. हे सगळं बदलून ‘व्हिडिओ टीएस’ नावाच्या फोल्डरात ठेवायचं. त्यात व्हीओबी फाइली म्हणजे खरा माल, प्रत्येक १ जीबीच्या आतली. आयएफओ म्हणजे कुठे काय आहे त्याचा पत्ता. बीयूपी ही त्या पत्त्याचीच दुसरी प्रत, पहिलीवर ओरखडा आला तर असावी म्हणून. डीव्हीडीस्टाइलर हे फुकट सॉफ्टवेअर यातलं सगळं स्वतः करतं, तुम्ही फक्त फाइल आणि मेन्यू द्यायचा.

अर्धविराम

विभक्तीनं तांत्रिक फरक दाखवणारं इतकं चोख उदाहरण मी तरी पाहिलं नव्हतं. अशीच जोडी कागदाची : ‘कागदावर चित्र काढलं’ आणि ‘कागदाचं विमान केलं’. पहिल्यात कागद कागदच राहतो.

यात अजून एक क्रियापद आहे, त्याकडे कुणी बघत नाही : लागणे. आपण गाणी लावतो, रेडिओ लावतो, सीडी लावतो. म्हणून बिघाड झाला की आजोबा ‘डीव्हीडी चालत नाही’ म्हणत नाहीत, ‘लागत नाही’ म्हणतात. आणि संगणकवाला उत्तर देतो, ‘माझ्याकडे तर चालतेय’. दोघंही खरं बोलतात. फाइल चालते, डीव्हीडी लागते. टिपणाचं शीर्षकच ‘घरच्या प्लेयरवर लागेल अशी डीव्हीडी कशी करावी’ असं ठेवा. त्यात एकही नवा शब्द नाही.

जाता जाता : ‘तबकडी’ला माझा पाठिंबा आहे, पण उशीर झालाय. तबक म्हणजे ताट, त्याची छोटी ती तबकडी. ग्रामोफोनच्या काळी छान रुळला होता. आता तबकडी म्हटलं की ती उडतीच. उलट ‘चित्रफीत’ बघा, फीत केव्हाच गेली तरी बातम्यांत मोबाइलवरच्या क्लिपलाही चित्रफीत म्हणतात. कुठला शब्द तगेल याला काही नियम नाही.

कोरी वही

‘लागेल अशी’ घेतलं. दोघांनाही धन्यवाद. आता ‘बर्न’. ‘जाळावी’ लिहिलं तर आमचे अध्यक्ष विचारतील, केली कशाला मग?

फोटोवाला, सातारा

आम्ही ‘राइट करणे’ म्हणतो किंवा ‘मारणे’. झेरॉक्स मारतात, प्रिंट मारतात, तशी सीडी मारतात. बर्न हा शब्द मुळात नीरोमुळे पसरला असं आमच्या पोरांचं मत आहे. त्या जर्मन सॉफ्टवेअरचं पूर्ण नाव ‘नीरो बर्निंग रॉम’, चिन्हात पेटलेलं कलोसियम. रोम जळालं तेव्हाचा सम्राट नीरो, म्हणून रोम आणि रॉमवर कोटी. आम्ही ते चिन्ह वर्षानुवर्षं दाबलं आणि विनोद कळायला दहा वर्षं गेली.

अर्धविराम

कोटी नीरोची असली तरी शब्द त्याच्याहून जुना आहे आणि कारणही खरं आहे. कोऱ्या डीव्हीडीत सेंद्रिय रंगाचा थर असतो. ६५० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल लेसर जोर लावून पडला की त्या जागी थर तापतो आणि कायमचा बदलतो, वाचताना तिथून उजेड कमी परततो. म्हणजे भाजल्याचा डाग. बाजारातली सिनेमाची डीव्हीडी अशी होत नाही, ती साच्यावर दाबून काढतात, तिच्यात खरे खड्डे असतात. त्यामुळे कुणी ‘कोरणे’ सुचवेल तर ते छापील डीव्हीडीला शोभेल, घरच्या डीव्हीडीला नाही. कोरी डीव्हीडी कोरली, हे कानाला कितीही गोड लागलं तरी.

माझं मत विचाराल तर ‘भरणे’. कोऱ्या कॅसेटच्या काळात आपण चिठ्ठीवर गाण्यांची यादी लिहून दुकानात द्यायचो आणि ‘साठची कॅसेट भरून द्या’ म्हणायचो. ‘उतरवणे’ही होतं, एका कॅसेटवरून दुसरीवर. दोन्ही शब्दांमागे खरा व्यवहार आहे.

कोरी वही

‘भरणे’ मला आवडला, पण एक अडचण आहे. भरणे म्हटलं की मावेल तेवढं कोंबायचा मोह होतो. परवा मिळून चार तासांची दोन व्याख्यानं एकीतच भरली गेली आणि वक्त्याचा चेहरा चौकोनाचौकोनांचा झाला.

फोटोवाला, सातारा

होणारच. डब्यावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, संगणक तीच ४.३८ दाखवतो, कारण मोजायची रीत वेगळी. दोन तासांचं काम असेल तर सेकंदाला साधारण ५ मेगाबिट वाट्याला येतात (हाच बिटरेट), चित्र चांगलं दिसतं. चार तासांना त्याच्या निम्मे. पाहुणे वाढले की आमटीत पाणी, तसं. आणि एकच तास असला तरी मनसोक्त सोडू नका, चित्राला ९.८ मेगाबिटच्या वर परवानगीच नाही. मी ८ च्या पुढे जात नाही, जुने प्लेयर अडखळतात. दुकानात आम्ही ‘पातळ झालंय’ असंच म्हणतो. बिटरेटला मराठी शब्द नको, पण ‘पातळ’ टिपणात जरूर लिहा.

अजून एक, शेवटी ‘क्लोज’ करायला विसरू नका. फायनलाइझ म्हणतात ते. विशेषतः टीव्हीशेजारच्या रेकॉर्डरवर केलेली डीव्हीडी क्लोज केली नसली तर त्या रेकॉर्डरवर लागते, दुसरीकडे नाही.

माजघर

‘क्लोज’ऐवजी ‘तोंड बांधणे’ चालेल का? लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तसं. एकदा बांधलं की आत काही घालायचं नाही. नुसती वाचत होते, राहवलं नाही.

कोरी वही

माजघर, हे टिपणात जाणार. कंसात ‘क्लोज’.

आता अवघड दोन. ऑथरिंगला मी ‘लेखन’ करून बघितलं, फारच वाईट. आणि चॅप्टरला ‘प्रकरण’ केलं तर मेन्यूवर ‘प्रकरण निवडा’ असं आलं. आमच्या व्याख्यात्या बाई हसल्या, पण एकदाच.

अर्धविराम

ऑथरिंगमध्ये लिहिणं नसतंच. मजकूर तयार आहे, त्याचे फर्मे जुळवायचे, पानांना क्रम द्यायचा, अनुक्रमणिका घालायची, पुठ्ठा चढवायचा. याला मराठीत शब्द आहे : बांधणी. पुस्तकबांधणी तशी डीव्हीडीची बांधणी. तुम्ही वाचनालयाचे, तुमच्या लोकांना लगेच कळेल.

चॅप्टरचं मात्र मी सरसकट भाषांतर करणार नाही. पडद्यावर जे दिसतं ते ‘भाग’. तुम्ही संगणकात जी जागा नेमता ती ‘खूण’.

फोटोवाला, सातारा

आमच्याकडे पडद्यावर ‘भाग’ पण नसतो. सरळ विधीचं नाव : साखरपुडा, हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टका, पाठवणी. एका टायटलात, म्हणजे एका सलग व्हिडिओत, ९९ खुणा चालतात, लग्नाला पंधरा पुरतात. ‘खूण’ शब्द बरोबर आहे, कारण ती सरकते. एमपीईजी-२ मध्ये प्रत्येक चौकट पूर्ण साठवलेली नसते. पाल डीव्हीडीत जास्तीत जास्त १५ चौकटींचा गट, त्यातली पहिली पूर्ण, बाकीच्या तिच्या आधारानं. खूण गटाच्या सुरुवातीलाच बसते. म्हणजे अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त चूक होऊ शकते.

कोरी वही

अच्छा, असं आहे ते! आमच्या तीन वक्त्यांची सुरुवात ‘त्रहो’ अशी ऐकू येते. मी ‘मित्रहो’च्या ‘मि’वर नेमकी खूण ठेवली होती.

फोटोवाला, सातारा

खूण एक सेकंद अलीकडे ठेवा. वक्ता श्वास घेताना दिसला तर बरंच दिसतं.

मेन्यूबद्दल दोन शब्द. बटणाची निवड दाखवणारा रंग हा चित्रावरचा वेगळा थर असतो आणि त्याला चारच रंग मिळतात, त्यात एक बहुतेक पारदर्शक ठेवावा लागतो. म्हणून मऊ, सोनेरी, चमचमती कड करायला जाऊ नका, करवतीसारखी दिसते. निवडलेल्या नावाखाली जाड रेघ द्या, संपला विषय. अक्षरं कडेला नेऊ नका, जुन्या टीव्हीत कडा कापल्या जातात. आणि देवनागरीत एक खास त्रास : शिरोरेखा. जुना टीव्ही एका आड एक ओळी दाखवतो. बारीक टायपाची शिरोरेखा एकाच ओळीत बसली तर ती सेकंदाला २५ वेळा दिसते आणि लपते. सगळा मेन्यू लुकलुकतो. ठळक, जाड टाइप घ्या. जोडाक्षरं फुटत असतील तर नावांचं चित्र करून तेच पार्श्वभूमीला लावा, वर रिकामी बटणं ठेवा.

न्यू जर्सीकर

मध्येच घुसतो. पुण्याहून आत्यानं मुंजीची डीव्हीडी पाठवली होती. इथे अमेरिकेत पालऐवजी एनटीएससी पद्धत, ७२० बाय ४८०, सेकंदाला २९.९७ चौकटी. आमच्या प्लेयरनं पाल घेतलंच नाही. आत्याला फोनवर ‘लागत नाही’ म्हटलं तर ती म्हणाली, ‘कुणाला?’ तेव्हा ‘लागणे’वर जास्त विसंबू नका. संगणकावर मात्र विनातक्रार दिसली.

अर्धविराम

आत्याबाईंना आमचा नमस्कार. वाक्यात ‘प्लेयरवर’ असू द्या, म्हणजे ही वेळ येणार नाही.

मेन्यूला ‘पर्यायसूची’ म्हणतात, पण बोलताना कुणी म्हणताना ऐकलंय? मेनू म्हटलं की मला तरी जिलबी की श्रीखंड हेच आठवतं. बांधणी घेतलीच आहे तर ‘अनुक्रमणिका’ का नको?

कोरी वही

तसंच लिहिलं होतं. परवा दुरुस्त केलेली डीव्हीडी आजोबांकडे पोचवली, सोबत चिठ्ठी : ‘अनुक्रमणिका आल्यावर बाणाने भाग निवडून ओके दाबावे.’ रात्री फोन आला.

‘लागली हो. चित्र झकास आहे. पण ती तुमची अनुक्रमणिका काही आली नाही. पहिलंच पान येऊन थांबलंय, मागे तंबोरा वाजतोय. ते पान उलटायचं कसं?’

चिठ्ठीत ‘अनुक्रमणिका’ खोडून ‘पहिलं पान’ केलंय. हरकत असेल त्यांनी उद्यापर्यंत कळवा, परवा छापायला देतोय.