सल्ला हवा: बचत गटाचा धंदा ठरवायचाय, चॅटबॉटला नेमकं काय विचारू?

वावरातली
नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. गटात दहा जणी आहोत. उन्हाळ्यात मिरगुंडं, मूगवड्या, शेवया करून विकतो, पण जून लागला की सगळं बंद. वर्षभर चालेल असं काही करावं म्हणतो. पोरीनं मोबाइलवर चॅटजीपीटी टाकून दिलं. "महिला बचत गटासाठी धंदा सांग" असं विचारलं, तर पापड, लोणची, मेणबत्त्या, अगरबत्ती! हे तर आम्हाला पारावर बसूनही माहीत होतं. याच्याकडून कामाचं काही काढायचं कसं? फुकटातलं कोणतं बरं? आणि मराठी समजतं का नीट?

पऱ्हाटीवाला
ताई, मोघम विचारलं की तो मेणबत्त्याच सांगन. तुमच्या गटाचं त्याले काय माहीत? असं लिहून पाहा:

"आम्ही दहा बाया, यवतमाळ जिल्हा, दारव्हा तालुका. भांडवल तीस हजार. निंदण-वेचणीच्या दिवसात फक्त संध्याकाळी वेळ. दुपारी लाइन नसते. गावात तूर भरपूर. लगेच कल्पना देऊ नको. आधी मला एकेक प्रश्न विचार, उत्तर दिलं की पुढचा."

शेवटच्या दोन वाक्यांनी फरक पडते. आमच्या घरच्या गटाले त्यानं विचारलं, पावसाळ्यात वाळवण कुठं घालान, अन् नाही खपलेला माल कोण परत घेईन? दुसऱ्या प्रश्नावर बाया अशा भांडल्या की चहा थंडा झाला. पण त्यातूनच पापडाचा नाद सुटला अन् तुरीची डाळ ठरली.

एक अजून. त्याले तुमचं म्हणणं आवडते असंच तो बोलते. "छान कल्पना आहे" वर जाऊ नका. सरळ म्हणा, "हा धंदा वर्षभरात बुडाला असं धर अन् कायनं बुडाला ते सांग." मग तो खरं बोलाले लागते.

रिसोडचे_गुरुजी
फुकटात चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड तिन्ही चालतात, दिवसाची मर्यादा लागते एवढंच. लिहिलेलं मराठी बऱ्यापैकी समजतं. बोलून टाइप केलं तर पाठवायच्या आधी एकदा वाचून घ्या, आपल्या बोलीचं ते काहीच्या काही लिहितं.

योजनांचं मात्र सांभाळून. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेबद्दल विचारलं तर 35 टक्के अनुदान, कमाल 10 लाख, गटाच्या सदस्याला 40 हजारांपर्यंत बीज भांडवल, हे तो बरोबर सांगेल. पण ती योजना 2020 मध्ये पाच वर्षांसाठी आली होती. आज तुमच्या तालुक्यात अर्ज घेतात का, हे जिल्हा संसाधन व्यक्तीलाच (या योजनेच्या अर्जाला मदत करायला नेमलेला माणूस) विचारा, पत्ता तालुका कृषी कार्यालयात मिळतो.

कागद हातात असेल तर आठवणीतून उत्तर मागूच नका. नोटबुकएलएम म्हणून गुगलचं आहे. त्यात शासन निर्णयाची पीडीएफ टाका आणि विचारा, "आमचा गट बसतो का? कोणत्या अटीत अडेल?" उत्तरासोबत कागदातली नेमकी जागाही दाखवतं, ती उघडून वाचायची. शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी पोरांनाही हेच करायला लावतो (पोरं अर्थात थेट कॉपी मारतात, तो वेगळा विषय).

मोर्शी_संत्रा
डाळ-पापडापर्यंत ठीक आहे. फवारणीचं प्रमाण याच्याकडून घेऊ नका, कोणी घेत असेल तर थांबवा. शिफारस बहुतेक 10 लिटर पाण्यासाठी असते, आपल्या पाठीवरचा पंप 15-16 लिटरचा. तो हे गृहीत धरतो की नाही, उत्तरात कळत नाही. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, विसरलो का आपण? डब्यावरचं लेबल वाचा, नाहीतर किसान कॉल सेंटर, 1800-180-1551.

पऱ्हाटीवाला
मोर्शीभाऊ, मान्य. मी औषध विचारतच नाही. कृषी विद्यापीठाचा सल्ला पेस्ट करतो अन् म्हणतो, सोप्या भाषेत सांग. बोंडअळीच्या सापळ्यात लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर फवारणीचा विचार, हे पहिले नुसतं वाचून जायचो. आता सापळ्यातले पतंग मोजतो अन् लिहून ठेवतो.

वावरातली
गुरुजी, दादा, आभार. प्रश्न विचारायला लावलं तर खरंच कामाचं निघालं. आमचीही गाडी डाळीवरच आली. त्यानं खर्च-नफ्याचा तक्ता करून दिला, नफा भारी दिसतोय. धरून चालू का?

पऱ्हाटीवाला
नका धरू. तक्त्याचा साचा ठेवा, आकडे खोडा. तुरीचा भाव तुमच्या बाजार समितीतला टाका. क्विंटलमागं डाळ किती उतरते ते त्याच्यावर सोडू नका. अकोल्याच्या विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दाल मिल जवळपास कोणाकडं असन तर एक पोतं भरडून घ्या अन् काट्यावर मोजा. अन् चुनी, म्हणजे भरडताना निघणारा डाळीचा चुरा, धरली का त्यात? ढोरंवाले घेतात ती, तक्त्यात नसणारच.

वावरातली
चुनी नव्हतीच! पोत्याचं बघते, दिग्रसकडं एक मिल आहे म्हणतात. भरडाईचा दर काय चाललाय सध्या, कोणाला माहीत आहे का?