तुमच्या घरचं पहिलं माणूस कुठल्या स्टेशनात उतरलं? (डोंबिवली, कल्याण आणि शेजारपाजार)

पाथर्लीकर

२०२१ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे आपल्या शहरांबद्दल बोलताना सगळे अजून २०११चेच आकडे काढतात. त्यात एक गंमत आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या २००१ला ११,९३,५१२ होती आणि २०११ला साडेबारा लाखांच्या आसपास. म्हणजे दहा वर्षांत पाच टक्केसुद्धा वाढ नाही! ज्या दहा वर्षांत आमच्या गल्लीतल्या चाळी पडून टॉवर झाले, डोंबिवली लोकल सुटायच्या आधीच भरायला लागली, त्या दहा वर्षांत. असं का, ते मी सांगत नाही. ज्याला ठाऊक आहे तो खाली सांगेलच.

आपण असं करू. तुमच्या घरचं पहिलं माणूस इथे कधी आलं, कुठून आलं, का आलं, ते लिहा. डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, सगळे या.

सुरुवात माझ्यापासून. आम्ही गिरगावातले. दहा बाय बाराची खोली, सात माणसं आणि बाहेर गॅलरीत झोपणारा आत्येभाऊ. १९७४ला वडिलांनी डोंबिवली पूर्वेला 'ओनरशिपचा ब्लॉक' घेतला. तेव्हा फ्लॅट कुणी म्हणत नसे. आजी आठ दिवस बोलली नाही. नंतर एवढंच म्हणाली, "मुंबई सोडून गावाला निघालास, तर निदान आपल्या गावाला तरी जायचं होतंस." आमच्या मागे भातखाचरं, पावसाळ्यात रात्रभर बेडूक, पाणी विहिरीचं. सोसायटीत बँकवाले, पोस्टवाले, एक बीपीटीवाले (बॉम्बे पोर्ट ट्रस्ट). म्हणजे सगळे ठरलेल्या गाडीने जाणारे आणि ठरलेल्या गाडीने येणारे. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे आपल्याच गावात राहतात, याचा वडिलांना स्वतःच्या बढतीपेक्षा जास्त अभिमान.

पुढे १९९९ला गणेश मंदिराची पाडव्याची पहिली स्वागतयात्रा निघाली, तेव्हा आजी ८८ वर्षांची होती. खुर्ची टाकून फडके रोडवर बसली आणि म्हणाली, "गिरगावातसुद्धा असं नव्हतं हो." म्हणजे पंचवीस वर्षं लागली.

सत्तावीसपैकी_एक

काका, तुमची गंमत म्हणजे आम्ही.

कल्याण-शीळ रोडच्या बाजूला जी २७ गावं आहेत, त्यातल्या एका गावाचा मी. आगरी. १९८३ला महापालिका झाली तेव्हा आम्हाला आत घेतलं. पाणी, रस्ते काही नाही आणि कर मात्र शहराचा, म्हणून आमच्या मोठ्या माणसांनी आंदोलनं केली. २००२ला बाहेर काढलं. म्हणजे २००१ला तुमच्या बेरजेत आमची डोकी होती, २०११ला नव्हती. शहर वाढलं, पण आमच्याएवढं वजा झालं, म्हणून तुम्हाला पाच टक्के दिसतात. २०१५ला परत आत. २०२०ला १८ गावं परत काढायचं ठरलं, ते हायकोर्टाने रद्द केलं. आमचं गाव त्या १८मध्ये होतं. माझ्या आजोबांनी घर सोडा, खाटेची जागासुद्धा बदलली नाही, आणि तेवढ्यात माणूस किती वेळा शहरातला झाला नि किती वेळा गावातला, ते तुम्हीच मोजा.

आता तुमचा प्रश्न. आमच्या घरचं कुणी कुठल्या स्टेशनात उतरलं नाही. तुम्ही उतरलात, आम्ही बघत होतो. भातखाचरं होती असं लिहिलंत, ती कुणाची होती हे लिहायचं राहिलं.

रागाने नाही बोलत. तुम्ही आलात म्हणून माझ्या आईची भाजी विकली गेली. पहाटे टोपली घेऊन डोंबिवलीच्या बाजारान (आमच्या बोलीत असंच) जायची, मेथी, माठ, पावसाळ्यात सुकट-बोंबील. वडिलांची थोडी जमीन एमआयडीसीत गेली. त्या पैशाचं घर झालं, दोन लग्नं झाली, हळदीला अख्खं गाव जेवलं, आणि संपले. मग ते त्याच एमआयडीसीत वॉचमन म्हणून लागले. ज्या गेटवर बसायचे, तिथून आमची जुनी विहीर दिसायची.

२६ मे २०१६ला एमआयडीसीत स्फोट झाला तेव्हा आमच्या खिडक्या आतल्या बाजूला आल्या. आई देव्हाऱ्यासमोर होती, म्हणून वाचली.

पाथर्लीकर

राहिलं खरं. चूक मान्य. तुमच्या आईकडून माझ्या आईने मेथी घेतली असण्याची शक्यता बरीच आहे.

पारनाका

डोंबिवलीकर दोन शहरांचा इतिहास १९७४पासून सुरू करतात, हे पाहून करमणूक झाली.

रेल्वे १ मे १८५४ला कल्याणपर्यंत आली, तेव्हाही कल्याण जुनंच होतं. कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांमध्ये दान देणारे कल्याणचे व्यापारी आहेत. शिवाजी महाराजांनी १६५७ला कल्याण घेतलं आणि इथल्या खाडीत जहाजं बांधायला घेतली. आनंदीबाई जोशींचा जन्म इथला, १८६५चा. आमचं सार्वजनिक वाचनालय त्याच्याही आदल्या वर्षीचं. आता पारनाक्यावरच्या वाड्यात राहणारी मी बहुतेक शेवटचीच, म्हणून थोडा तोरा चालवून घ्या.

माझे खापरपणजोबा पेणहून आले, कोर्टात कारकून म्हणून. स्टेशनात नाही, मचव्यातून बंदरावर उतरले, असं घरात सांगतात. आमच्या लहानपणी कल्याण म्हणजे दोन हाका. इकडे टिळक चौक, तिकडे दूधनाका. दूधनाक्याला कोकणी मुसलमानांची जुनी घरं. त्यांच्या मराठीत आमच्यापेक्षा कोकण जास्त. आईची मैत्रीण तिथली. ईदला शीरखुर्मा यायचा, दिवाळीला आमच्या चकल्या जायच्या, आणि दोन्ही घरांत "आमच्याकडचं जरा बरं असतं" असं मागाहून म्हटलं जायचं.

महापालिकेच्या नावात डोंबिवली १९९६ला आली, हे जाता जाता सांगते.

बॅरक_नंबर

नमस्कार. मी उल्हासनगर कॅम्प चारचा, सिंधी. मराठी लिहिताना चुकलो तर बायको सुधारते. ती डोंबिवलीची आहे, म्हणजे सुधारतेच.

आमचं कुटुंब सक्कर जिल्ह्यातलं. डाडो, डाडी (म्हणजे आजोबा, आजी) आणि तीन मुलं १९४८ला कराचीहून बोटीने मुंबईला आले आणि तिथून गाडीत भरून कल्याणला. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात लष्कराची छावणी होती, मोठमोठ्या रिकाम्या बराकी. त्यात निर्वासितांना ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ला राजगोपालाचारींनी पायाभरणी केली आणि उल्हास नदीवरून नाव दिलं उल्हासनगर. डाडी म्हणायची, "घर सोडून आलेल्यांच्या गावाचं नाव उल्हास. सरकारला पण विनोद कळतो."

एका बराकीत किती तरी कुटुंबं. मध्ये भिंती नाहीत, गोणपाटाचे पडदे. पलीकडच्या घरात नवरा-बायकोचं भांडण लागलं की अलीकडचे मध्यस्थी करायला तयार. आमचा पत्ता अजूनही बॅरक नंबर आणि रूम नंबरने सुरू होतो. बराक पाडून तिथे सात मजले झाले त्यालाही बरीच वर्षं झाली. नवीन कुरिअरवाला विचारतो, "बॅरक कुठाय?" मी म्हणतो, "पत्त्यात आहे."

डाडोची सक्करला सावकारी होती. इथे त्याने लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकली, मग पापड. पापड डाडी लाटायची. त्यातून दुकान, दुकानातून कापड. 'मेड इन यूएसए'चा जोक तुम्ही सगळ्यांनी केलाय, मीच आधी सांगून टाकतो. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. हसा. पण तुमच्या आईचा गाऊन, लग्नातलं कपाट आणि तुमची पहिली जीन्स कुठून आली तेही आठवा.

आकडा पाहिजे तर २०११ला पाच लाखांच्या वर माणूस, आणि जागा तेरा चौरस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे एका चौरस किलोमीटरला अडतीस हजार. आमच्याकडे जमीन संपली, म्हणून घरं वर गेली. कशी गेली ते विचारू नका. पावसाळ्यात स्लॅब पडल्याची बातमी आली की मुंबईतले नातेवाईक आधी आम्हाला फोन करतात. आणि आता आम्ही सिंधीच आहोत असंही नाही. आमच्या मजल्यावर चार घरं आहेत. आम्ही, जळगावचे एक, जौनपूरचे एक, आणि चौथं भाड्याचं, दर अकरा महिन्यांनी नवीन.

डाडी २००३ला गेली. तिला सिंधी फक्त अरबी लिपीत वाचता यायची, माझ्या मुलीला देवनागरीत, तीही अडखळत. डाडीची एक वही आहे घरात. पापडाचा हिशोब असावा असं वाटतं. आता घरात कुणालाच वाचता येत नाही.

ठाकुर्ली_स्लो

वहीचं वाचून थांबलो थोडा वेळ.

आमचं छोटंसं. आजोबा ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसमध्ये फिटर. रेल्वेची वीज इथे व्हायची, लोक चोळा पॉवर हाऊस म्हणायचे. ते बंद झालं आणि ठाकुर्ली 'डोंबिवलीच्या पुढे' एवढीच ओळख उरली. फास्ट गाडी आमच्याकडे बघतही नाही.

काडेपेटी

अंबरनाथ.

आमच्या गावात दोन घड्याळं होती, एक विमकोचा भोंगा आणि दुसरा ऑर्डनन्सचा, म्हणजे लष्करी सामानाच्या सरकारी कारखान्याचा. विमको म्हणजे काडेपेटीचा कारखाना, १९२०च्या दशकातला. वडील तिथे होते, मामा ऑर्डनन्समध्ये. जेवायला बसलं की वाद ठरलेला. मामा म्हणायचे, आम्ही देशाचं संरक्षण करतो. वडील म्हणायचे, आम्ही नसतो तर तुझ्या घरची चूल पेटली नसती.

ऑर्डनन्सच्या इस्टेटमध्ये अख्खा भारत राहायचा. माझ्या वर्गात बंगाली, मल्याळी, तेलुगू, विदर्भातले दोघे. दुर्गापूजा आणि ओणम मला पुस्तकातून कळलेच नाहीत, डब्यातून कळले. २०२१ला ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात कंपन्या केल्या. विमको त्याच्या कितीतरी आधी थंडावली.

आणि पारनाकाताई, जुनेपणात आम्हीही बसतो पंगतीला. आमच्या शिवमंदिरातला लेख शके ९८२चा, म्हणजे १०६०. शिलाहार राजांनी बांधलेलं. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं. लहानपणी भर मे महिन्यात आम्ही त्या गारव्यासाठी जायचो, देवासाठी नव्हे. शेजारून वालधुनी वाहते. तिचं पाणी माझ्या डोळ्यांदेखत काळं झालं. आईला त्यात गोधड्या धुताना मी पाहिलंय.

पारनाका

शके ९८२ म्हटल्यावर मी काय बोलणार. बसा पंगतीला, पण दुसऱ्या.

पूर्वेचा

कल्याणवर एवढं लिहून झालं, पण पूर्व कुठाय? पुलाच्या अलीकडे पण कल्याणच आहे ना?

माझे वडील लालबागला गिरणीत, साचेवाले, म्हणजे मागावर. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी सहा महिन्यांचा. संप संपलाच नाही. १९८५ला खोली विकून कोळसेवाडीत आलो. तिथे आधीपासून रेल्वेवाले, यार्डातले, लोको शेडवाले. मग आमच्यासारखे आले. घर विकत घेतलं म्हणायला घर, चार भिंती आणि पत्रा, तीही हप्त्याने. आई सांगते, पहिल्या रात्री वडील दाराबाहेर बसून होते. तिने जेवायला बोलावलं तर म्हणाले, "भोंगा नाही गं ऐकू येत."

पाथर्लीकर काका मोठी जागा मिळाली म्हणून आले, आम्ही होती ती गेली म्हणून. एकाच लोकलने.

मायलापूर_ते_मानपाडा

आम्ही तमिळ. अप्पा १९७८ला माटुंग्याहून डोंबिवलीत. कारण एकच, माटुंग्यात परवडेना. आजी फडके रोडच्या भाजीवालीशी तमिळमध्ये बोलायची, भाजीवाली आगरीत, आणि हिशोब कधी चुकला नाही. मी मराठी शाळेत. २०१७ला डोंबिवलीत साहित्य संमेलन झालं तेव्हा तिन्ही दिवस मांडवात होतो. ग्रंथदिंडीत पुढचे आजोबा वळून म्हणाले, "तुम्ही कुठले?" म्हटलं, "इथलाच." "तसं नाही, मूळचे?" म्हटलं, "चार नंबरच्या शाळेमागचा."

शेवटचा_डबा

बदलापूर. २००१ला ९८ हजारांच्या आत होतं, २०११ला पावणेदोन लाखांच्या घरात. त्या पावणेदोन लाखांत मी, बायको आणि सासूबाई. डोंबिवलीत भाड्याने होतो, तिथे घेणं जमेना, म्हणून २००९ला इकडे.

म्हणतात, पूर्वी इथे घोडे बदलायचे, म्हणून बदलापूर. आम्ही कल्याणला गाडी बदलतो.

बिल्डरने नदीचा व्ह्यू दाखवून फ्लॅट विकला. जुलै २०१९ला, महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली त्याच रात्री, नदी स्वतः व्ह्यू बघायला आली. तळमजल्यावरची तीन कुटुंबं दोन दिवस आमच्याकडे. एका हॉलमध्ये चौदा माणसं, मध्ये साड्यांचे पडदे. वरचं बराकीचं वाचलं आणि तेच आठवलं.

पाथर्लीकर

सगळ्यांचं वाचतोय. रात्री आईलाही वाचून दाखवलं, ती आता ९१ वर्षांची आहे. तिला ती मेथीवाली आठवते म्हणाली. डाव्या हातावर गोंदलेलं होतं, आणि जुडीवर एक जुडी जास्त द्यायची. खरं-खोटं देव जाणे. या वयात तिला सगळेच आठवतात.

एक सांगायचं राहिलं. माझ्या मुलाने गेल्या वर्षी कल्याण-शीळ रोडला घर घेतलं. तेविसावा मजला. म्हणजे आमचं बिऱ्हाड आता तुमच्या २७ गावांत.

सत्तावीसपैकी_एक

आईच्या हातावर गोंदण होतं. पण त्या काळात सगळ्यांच्याच होतं, त्यामुळे मी काही धरून बसत नाही. त्यांना नमस्कार सांगा.

मुलाच्या बिल्डिंगचं नाव नको. मागच्या बाजूला जुनं चिंचेचं झाड आणि गावदेवीचं देऊळ आहे का, एवढं विचारा. असेल तर शेत कुणाचं होतं ते सांगतो.