चुकीचं स्पेलिंग मुलांसमोर ठेवून ‘चूक शोधा’ म्हणावं का?

गंगापूर रोड शिकवणी
सहामाही जवळ आली की आपल्या नाशिकमधले पालकांचे व्हॉट्सअ‍ॅप गट स्पेलिंगच्या याद्यांनी भरून जातात. शंभर शब्द पाठ करा, उद्या लिहून दाखवा. माझं म्हणणं असं की सहावीपासून पुढे या याद्या बाजूला ठेवा आणि मुलांना चूक दडलेली अख्खी वाक्यं द्या. यादीत पैकीच्या पैकी मिळवणारं मूल निबंधात तोच शब्द चुकवतं, कारण तिथे त्याचं लक्ष मजकुराकडे असतं. लिहिलेलं पुन्हा वाचून चूक पकडायची सवय यादीतून लागत नाही.

काँप्युटरची लाल रेघ या बाबतीत फार उपयोगाची नाही. ‘आपण मॅच हरू’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्यात ‘लूज’ला दोन ओ लावले की त्याचा अर्थ ‘सैल’ होतो, पण रेघ उमटत नाही, कारण तोही खरा शब्दच आहे. ‘फ्रॉम’च्या जागी ‘फॉर्म’, ‘क्वाइट’च्या जागी ‘क्वाएट’ पडलं तरी बहुतेक वेळा तेच. रविवार कारंजावरून मेन रोडला चालत जा आणि वह्या-पेन विकणाऱ्या दुकानांच्या पाट्या बघा. ‘स्टेशनरी’च्या शेवटी ई-आर-वाय असेल तर कागद-पेन, ए-आर-वाय असेल तर जागेवर उभं असलेलं. हा फरक वाक्यातच कळतो.

आपल्या मुलांच्या चुका आपल्याच उच्चारातून येतात. आपण ‘गव्हर्मेंट’ म्हणतो, म्हणून एन गळतो. ‘डेफिनेटली’ म्हणतो, म्हणून आयच्या जागी ए बसतो. ‘सेपरेट’मधल्या ‘प’नंतर ए आहे की ई, हे कानाला कळणारच नाही. उलट ‘फेब्रुवारी’त मराठीनेच र जपून ठेवलाय, तिथे आपली मुलं सहसा चुकत नाहीत.

पंचवटी, निवृत्त शिक्षक
ताई, निदान बरोबर आहे, पण औषधावर माझा ठाम आक्षेप आहे. स्पेलिंग डोळ्यांनी लक्षात राहतं. मूल चुकीचा शब्द समोर ठेवून दोन मिनिटं न्याहाळत असेल, तर ठसा त्या चुकीच्या शब्दाचाच उमटतो. हा नुसता माझा समज नाही. लॅरी जॅकोबी आणि अ‍ॅन हॉलिंग्जहेड या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली प्रयोग प्रसिद्ध केला होता. चुकीची स्पेलिंगं वाचायला दिल्यावर लोकांनी तेच शब्द नंतर लिहिताना जास्त चुका केल्या. वाचता येणाऱ्या मोठ्या माणसांची ही गत, तर ज्या मुलाच्या मनात बरोबर रूप अजून बसलेलंच नाही त्याचं काय होईल? आधी बरोबर रूप शंभरदा डोळ्यांखालून जाऊ द्या.

कॉलेज रोड अभ्यासिका
सर, पण स्पर्धा परीक्षेत चार पर्यायांपैकी तीन चुकीचेच छापलेले असतात. तिथे नजर आधीच तयार नसेल तर बरोबर येणारा शब्दही डळमळतो. आम्हाला पाठांतरापेक्षा नियम उपयोगी पडले. ‘अकर’चं (म्हणजे घडणे) ‘अकर्ड’ होताना आर दोनदा येतो, कारण बोलताना जोर शब्दाच्या शेवटच्या भागावर आहे. ‘व्हिजिट’मध्ये जोर आधी आहे, म्हणून ‘व्हिजिटेड’मध्ये टी एकदाच. ‘एरवी आय-ई, सीनंतर ई-आय’ हा नियम मात्र जपून वापरावा. ‘रिसीव्ह’, ‘बिलीव्ह’ला चालतो, ‘सीझ’, ‘वीअर्ड’, ‘स्पीशीज’ला चालत नाही.

सिडको, मराठी माध्यमाची आई
मला हा सगळा आग्रहच खटकतो. ‘डाउट’मधला बी कोणीच बोलत नाही. सोळाव्या शतकाच्या सुमारास विद्वानांना लॅटिन मूळ दाखवायचं होतं, म्हणून तो घुसवला. ‘कलर’मधला यू अमेरिकेत वेबस्टरच्या १८२८ च्या कोशाने काढून टाकला, ब्रिटनमध्ये राहिला. इतक्या मनमानी गोष्टीसाठी माझ्या मुलीची वही लाल होते आणि तिने पावसाळ्यातल्या गोदावरीवर काय लिहिलंय ते कोणी वाचतच नाही. ती आता सोपे शब्दच निवडते, अवघड शब्दांना हातच लावत नाही. हे नुकसान कोण मोजणार?

दिंडोरी पॅकहाऊस
ताई, वहीपुरतं पटलं. पण आमच्याकडे द्राक्षांचे कंटेनर युरोपला जातात. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटो सर्टिफिकेट (मालात रोग-कीड नसल्याचा दाखला) या सगळ्यांवर आयातदाराचं नाव अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. वाणाचं नाव शेतकरी ‘थॉमसन’ म्हणतो, पण कागदावर टीनंतर एच आणि मधे पी पाहिजे, दोन्ही कानाला ऐकू येत नाहीत. तीन कागदांवर तीन रूपं गेली की चौकशीचे मेल सुरू होतात, आणि इकडे माल थंड खोलीत थांबलेला असतो. नवीन पोरांना मी पाठांतर देत नाही. दोन कागद शेजारी ठेवतो आणि शेवटच्या शब्दाकडून उलटं वाचायला लावतो. उलटं वाचलं की अर्थ मधे येत नाही, अक्षरं दिसतात.

गंगापूर रोड शिकवणी
उलटं वाचणं उत्तम, फक्त ‘लूज’सारख्या चुका त्यात सुटतात, तिथे सुलटंच वाचावं लागतं.

सर, तुमचा मुद्दा पाचवीपर्यंत मला मान्य आहे, तिथे चुकीचं रूप दाखवूच नये. मोठ्या मुलांना मी चूक नुसती खोडायला सांगत नाही, कारण विचारते आणि शब्दाचं घराणं शोधायला लावते. ‘गव्हर्न’ आठवला की एन परत येतो. ‘फायनाइट’ आठवला की ‘डेफिनेटली’तला ए जातो. ‘साइन’मधला मुका जी ‘सिग्नेचर’मध्ये बोलायला लागतो. ज्या चुकीचं कारण मुलाने स्वतः सांगितलं, ती पुन्हा क्वचितच येते.

सिडकोच्या ताई, लाल शाईबद्दल तुमचं शंभर टक्के खरं आहे. मी निबंध आधी मजकुरासाठी वाचते, त्यावर मजकुराबद्दलच लिहून देते. स्पेलिंगसाठी त्यातल्या फक्त तीन ओळी निवडते, तेही दुसऱ्या दिवशी.

सिडको, मराठी माध्यमाची आई
तीन ओळी चालतील. पण गुण कापायचे नाहीत. शाळा हे मान्य करत नाही तोवर मुलगी सोपेच शब्द लिहिणार.

पंचवटी, निवृत्त शिक्षक
कारण विचारायची पद्धत मला आवडली, तरी एक अट घालतो. चुकीचं वाक्य फळ्यावरच राहावं, मुलांच्या वहीत उतरू नये. तास संपायच्या आत ते पुसून बरोबर वाक्य लिहावं, वहीत तेवढंच जावं, आणि दोन दिवसांनी त्याचंच श्रुतलेखन घ्यावं. चुकांनी भरलेल्या छापील वर्कशीट घरी पाठवायला माझा विरोध सहावीलाही आहे आणि दहावीलाही.